मामाजींच्या गाडीतील विजेचा जमाखर्च

मी कला शाखेचा विद्यार्थी. मराठी व इतिहास हे माझे विषय. विजेशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरता, आणि तोही परीक्षा संपताच सुटलेला. असे असताना वार्षिकांकात मी बॅटरी आणि वायरिंग यांवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. संपादक सरांनाही वाटले. "कविता वगैरे काही नाही का?" असे त्यांनी विचारले. परंतु गेल्या पावसाळ्याचे दोन महिने मी ज्या कामात घालवले ते हेच, आणि त्या कामामागे जी एक रात्र आहे ती विसरणे मला शक्य नाही. म्हणून हा प्रपंच.

माझे मामाजी नाटकांना कपडेपट आणि रंगभूषेचे सामान भाड्याने देतात. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक असते. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा हे या नाटकमंडळींचे मुख्य ठाणे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांचेही लक्ष या रंगभूमीकडे गेले. परंतु पडद्यामागची माणसे चार महिने कोठे झोपतात, कोठे जेवतात, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आमचे मामाजी, मामी आणि त्यांचा पाच वर्षांचा नातू गाडीत झोपतात.

ही गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. शाळेच्या मुलांची ने-आण करून थकल्यावर ती मामाजींनी विकत घेतली. आतील आसने काढली, प्लायवूडचे दोन पलंग ठोकले, कपड्यांच्या पेट्या रचल्या, रंगभूषेसाठी आरसा लावला. परदेशात अशा गाडीला मोटरहोम म्हणतात. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मामाजी त्याच्या कितीतरी आधीपासून कॅराव्हॅनमध्येच राहत होते, फक्त पर्यटन करीत नव्हते.

मागील वर्षी थंडीच्या दिवसांत लाखांदूरच्या बाजूला एका गावी नाटक होते. मी सुट्टीत मदतीला गेलो होतो. मामाजी रंगमंचामागे, मामी आणि नातू गाडीत झोपलेले, मी समोरच्या आसनावर. पहाटे तीनच्या सुमारास मला रबर जळल्यासारखा वास आला. मागे वळून पाहतो तो पलंगामागच्या प्लायवूडच्या फटीतून धूर येत होता. त्या फळीला लागूनच नाटकातल्या शालू-शेल्यांची पेटी होती. मी मामीला हाक मारली, मुलाला उचलून बाहेर काढले. तेवढ्यात मामाजी धावत आले आणि त्यांनी बॅटरीची तार हाताने हिसकून काढली. धूर थांबला. त्यांच्या उजव्या तळव्यावर तारेचा आडवा वण अजून आहे.

सकाळी फळी काढून पाहिली. एक तार लोखंडी पट्टीच्या धारेवर घासून उघडी पडली होती आणि गाडीच्या सांगाड्याला टेकली होती. ज्या तारेतून दोन दिवे पेटायचे, त्याच तारेतून बॅटरीची सारी शक्ती एकदम सांगाड्यात उतरू पाहत होती. तिला अडवणारे मध्ये काहीही नव्हते. एक फ्यूजसुद्धा नव्हता. दोष कोणा एकाचा नव्हता. वर्षानुवर्षे एक दिवा वाढला, एक पंखा वाढला, कोणी मोबाईलसाठी तार ओढली. प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरते काम केले आणि पूर्ण गाडीचा विचार कोणीच केला नाही. त्या दिवशी मी मामाजींना म्हटले, पावसाळ्यात गाडी उभी राहील तेव्हा ही सारी तार काढून नव्याने टाकू. भंडाऱ्याचे एक जुने वायरिंग मिस्त्री शिकवायला तयार झाले. पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्याकडून शिकलेले, थोडे वाचलेले आणि बरेचसे चुकून समजलेले आहे.

प्रथम बॅटरीविषयी. गाडीत जी बॅटरी असते ती शिसे व गंधकाम्ल यांची. गास्तोन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली ती शोधून काढली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. एका कप्प्यातून सुमारे 2 व्होल्ट मिळतात. असे सहा कप्पे जोडले की 12 व्होल्टची बॅटरी होते. मोठ्या ट्रक आणि बसमध्ये अशा दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. आमची मिनीबस 12 व्होल्टची आहे.

आपला जिल्हा तलावांचा, म्हणून तलावाचे उदाहरण देतो. बॅटरी ही विहीर नव्हे, तिला आतून झरे नाहीत. ती मालगुजारी तलावासारखी आहे. पावसाळ्यात भरले तेवढेच पाणी, आणि तुडुमातून सोडाल तेवढे कमी होणार. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची समजा, अँपिअर म्हणजे पाटातून वाहणारा प्रवाह, आणि अँपिअर-तास म्हणजे तलावातील एकूण साठा. 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून 7.5 अँपिअरचा प्रवाह 20 तास मिळावा, असा त्या आकड्याचा अर्थ. परंतु तलाव तळापर्यंत उपसला तर मासळी मरते, तसेच बॅटरीचे आहे. ती वारंवार पूर्ण रिकामी केली, किंवा रिकामी ठेवली, तर आतील पत्र्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग तिच्यात पूर्वीइतकी वीज मावत नाही. म्हणून निम्म्याच साठ्यावर आपला हक्क आहे असे धरून चालावे.

दुसरी गोष्ट अशी की बॅटऱ्या दोन जातींच्या असतात. गाडीचा सेल्फ मारण्याची बॅटरी वेगळी. तिच्यात पातळ पत्रे पुष्कळ असतात. काही क्षण दोनशे-तीनशे अँपिअर देऊन ती मोकळी होते. रात्रभर मंद प्रवाह देत राहणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. घरातल्या इन्व्हर्टरला जी ट्युब्युलर बॅटरी लावतात तिची बांधणी जाड. तिला हळूहळू रिकामे होणे सोसते. मामाजींच्या गाडीत एकच सेल्फची बॅटरी होती आणि दिवे-पंखेही तिच्यावरच. त्यामुळे हंगामात कितीतरी सकाळी नाटकातले राजे आणि प्रधान अर्धवट रंग पुसून गाडीला धक्का मारीत असत. आम्ही पहिले काम हे केले की सेल्फची बॅटरी फक्त गाडीसाठी ठेवली आणि घरासाठी 150 अँपिअर-तासांची वेगळी ट्युब्युलर बॅटरी घेतली.

एवढीच का घेतली, हे सांगायचे तर जमाखर्च मांडावा लागेल. मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशी पक्कड दिली नाही, वही दिली. "आधी खर्च लिही, मग कमाई," असे ते म्हणाले. पूर्वी गाडीत 21 वॉटचे चार बल्ब होते, म्हणजे 84 वॉट. पाच तास जळले की 420 वॉट-तास. त्यांच्या जागी 5 वॉटचे चार एलईडी दिवे लावले की पाच तासांना 100 वॉट-तासच लागतात. डासांसाठी 15 वॉटचे दोन लहान पंखे आठ तास चालवले तर 240. आरशाजवळचे 20 वॉटचे दिवे तीन तास, म्हणजे 60. मंडळींचे मोबाईल मिळून सुमारे 80. बेरीज 480 वॉट-तास. तिला 12 ने भागले की 40 अँपिअर-तास. हा आमचा एका रात्रीचा खर्च. 150 च्या निम्मे 75. म्हणजे एखाद दिवस काहीच कमाई झाली नाही तरी दुसरी रात्र जवळजवळ निभावते. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा बल्ब बदलणे स्वस्त पडले, हा या वहीचा पहिला धडा.

आता कमाई, म्हणजे चार्जिंग. ती तीन वाटांनी होते: इंजिन, ऊन आणि गावातली वीज.

इंजिन फिरते तेव्हा अल्टरनेटर वीज तयार करतो. आपल्याकडे अजून त्याला डायनामोच म्हणतात. त्याच्याकडून सुमारे 14 व्होल्ट मिळतात. दोन बॅटऱ्या नुसत्या जोडून ठेवल्या तर रात्री दोन्ही एकत्र रिकाम्या होतील, म्हणून मध्ये एक रिले बसवला. इंजिन चालू होऊन व्होल्ट साधारण 13.3 च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, आणि इंजिन बंद होऊन 12.8 च्या खाली आले की तोडतो. दोन तलावांमधला हा दरवाजा आहे असे समजा.

येथे माझी मोठी चूक झाली. समोरून मागच्या बॅटरीपर्यंत जुनीच 2.5 चौरस मिलिमीटरची तार चांगली दिसली म्हणून मी ठेवली. मामाजींनाही ते पटले. नवरात्रात गाडी चौंडेश्वरीच्या देवळाकडे उभी केली, दिवसा थोडी फिरवली, तरी मागची बॅटरी भरेना. मिस्त्रींनी मल्टीमीटर लावायला सांगितले. इंजिन चालू असताना समोर 14.2 व्होल्ट आणि मागे 12.9! उरलेले कोठे गेले? तारेने खाल्ले. तांब्याची तारही प्रवाहाला थोडा विरोध करते. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा विरोध सुमारे 0.0175 ओहम असतो. आमची तार जाऊन-येऊन 12 मीटर. गुणाकार-भागाकार केला तर 0.084 ओहम होतात, आणि 15 अँपिअरला सव्वा व्होल्ट तारेतच जातो. पाट अरुंद असला की शेवटच्या शेताला पाणी पोहोचत नाही, तसा हा प्रकार. चार-सहा तास इंजिन चालते तर तीही हळूहळू भरली असती. परंतु मामाजींचा एका गावाहून दुसऱ्या गावाचा प्रवास तासाभराचा असतो. शेवटी 16 चौरस मिलिमीटरची तार आणली. "वायर तं आहेच, मंग नवी काहून आणतेस?" असे मामाजींनी विचारले. नवी तार टाकल्यावर मागे 13.9 व्होल्ट दाखवले, तेव्हा त्यांनी स्वतः दोनदा मीटर लावून पाहिला.

दुसरी वाट उन्हाची. गाडीच्या टपावर 150 वॉटचे सौर पॅनल बसवले. नावात 150 असले तरी ते दिवसभर तेवढे देत नाही. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन जमेस धरून पूर्ण उन्हाचे पाच तास धरावेत. मग 35 ते 40 अँपिअर-तास मिळतात, म्हणजे आमचा एका रात्रीचा खर्च जवळजवळ निघतो. मात्र गाडी आंब्याच्या सावलीत उभी केली तर कमाई बुडालीच. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी पुष्कळ नुकसान होते. पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये नियंत्रक लागतो. तो आधी भरपूर प्रवाह जाऊ देतो, मग 14.4 व्होल्टच्या आसपास थांबवून प्रवाह हळूहळू कमी करतो, आणि बॅटरी भरली की 13.6 च्या जवळपास नुसती सांभाळून ठेवतो. तलावाला सलंग असते म्हणून पाळ फुटत नाही. नियंत्रकाचे काम तेच. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडावी व नंतर पॅनल, आणि काढताना आधी पॅनल काढावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी तापली असता थोडे कमी व्होल्ट पुरतात. 25 अंशांऐवजी 40 अंश असतील तर सुमारे 0.3 व्होल्ट कमी. हे जाणणारा नियंत्रक घ्यावा, नाहीतर बॅटरीतले पाणी लवकर उडते. पाणी भरायचे ते डिस्टिल वॉटरच, नळाचे किंवा बोअरचे नव्हे.

तिसरी वाट गावातल्या 230 व्होल्टच्या विजेची, आणि ती मला सर्वांत भयाची वाटते. 12 व्होल्टने सहसा माणसाला झटका बसत नाही. ते तापवून आग लावतात. 230 व्होल्ट माणूस मारतात. मंडपातल्या तात्पुरत्या लाइनला अर्थिंग असेलच असे नाही, आणि आपली गाडी म्हणजे रबरी चाकांवर उभा असलेला लोखंडी डबा. आतली उघडी तार पत्र्याला लागली तर पूर्ण गाडी जिवंत होते, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणारा पहिला माणूस जमिनीपर्यंतची वाट होतो. म्हणून बाहेरची वीज आत घेतो तेथेच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत एवढाही फरक पडला तरी तो क्षणात वीज तोडतो. गाडीच्या सांगाड्याला तिसऱ्या पिनची तार घट्ट जोडली. 230 च्या तारा आणि 12 च्या तारा दोन निराळ्या नळ्यांतून नेल्या. आकड्याची वीज घ्यायची नाही, असे मामाजींकडून कबूल करून घेतले.

आता त्या रात्रीचा मूळ प्रश्न, फ्यूजचा. माझी समजूत होती की फ्यूज दिव्याला वाचवतो. ती चुकीची निघाली. फ्यूज तारेला वाचवतो. भरलेल्या बॅटरीची दोन टोके एकमेकांना जोडली तर हजारावर अँपिअर वाहू शकतात. तेवढ्या प्रवाहाने लहान तार काही सेकंदांत लाल होते. तारेला झेपेल त्याहून कमी आकड्याचा फ्यूज असला तर तार तापण्याआधी तो वितळतो. यातून तीन नियम निघतात. पहिला, फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवावा, 2.5 चौरस मिलिमीटरला आम्ही 15 अँपिअरचा लावला. दुसरा, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा, कारण त्याच्या अलीकडची तार अनाथच असते. तिसरा नियम मला मिस्त्रींनी प्रश्न विचारून शिकवला. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेला फ्यूज कोणत्या टोकाला लावशील? मी म्हणालो, समोरच्या. ते म्हणाले, "आणि मागच्या बॅटरीने पेटवली तर?" म्हणजे त्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण तिला दोन्हीकडून पाणी येते.

बाकीची कामे साधी, पण हाताची. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो आणि सैल सांधा तापतो. म्हणून प्रत्येक टोकाला थिंबल दाबून बसवले. पत्र्यातून तार जाते तेथे भोकाला रबरी कडे लावले. हे चार-पाच रुपयांचे कडे त्या रात्री असते तर मामाजींचा हात भाजला नसता. गंजलेल्या सांगाड्यावर भरवसा न ठेवता दिव्यांसाठी परतीची तार वेगळी टाकली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद पेटीत ठेवली आणि पेटीच्या वरच्या बाजूने नळी काढून वायू गाडीबाहेर सोडला. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढायचे आणि बसवताना ते शेवटी लावायचे. नाहीतर पाना सांगाड्याला लागला की तेथेच ठिणगी. शेवटी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली आणि पूर्ण नकाशा एका कागदावर काढून दाराच्या आत चिकटवला, म्हणजे पुढच्या माणसाला अंदाजाने तार कापावी लागणार नाही.

खर्चाबद्दल एवढेच सांगतो. पैसे लागले ते बॅटरी आणि पॅनलला. फ्यूज, थिंबल, रबरी कडी यांचा खर्च त्यांच्यापुढे किरकोळ होता. जीव वाचवणाऱ्या वस्तू सर्वांत स्वस्त निघाल्या, आणि नेमक्या त्याच गाडीत नव्हत्या.

या हंगामात गाडी वडशाकडे दोनदा जाऊन आली. सकाळी उठल्यावर, पंखे-दिवे बंद करून काही वेळाने मामाजी मल्टीमीटर लावतात. 12.7 म्हणजे पूर्ण, 12.2 म्हणजे निम्मे, एवढे त्यांना तोंडपाठ झाले आहे. 12.2 दिसले की त्या रात्री एक पंखा बंद. एकदा फ्यूज उडाला. पूर्वी अशा वेळी कोणी जाड तार गुंडाळून काम भागवले असते. मामाजींनी तसे केले नाही. नकाशा पाहिला, तार शोधली, पेटीखाली दबून सोललेली तार बदलली आणि मग नवा फ्यूज लावला. मला ही बातमी फोनवर सांगताना ते शेवटी म्हणाले, "नातू आतमंधी झोपला होता, पण रात्री मले झोप लागली." दोन महिन्यांच्या कामाची याहून मोठी पावती मला नको.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मोटरहोम नाही. परंतु कोणाच्या घरी इन्व्हर्टर आहे, कोणाचा भाऊ ई-रिक्षा चालवतो, कोणाचे काका वरातीत बॅटरीवर बाजा वाजवतात, कोणाच्या शेतात सौर पंप आहे. तेथेही तोच तलाव, तोच पाट आणि तोच दरवाजा आहे. कला शाखेचे विद्यार्थी म्हणून आपल्याला या गोष्टी परक्या वाटतात. वाटू नयेत. जमाखर्च मांडणे, नकाशा काढणे आणि "हे असे का?" असे विचारणे, एवढेच त्याला लागते. आज घरी गेल्यावर बॅटरीजवळ जाऊन फक्त एवढे पाहा: तिच्यापासून निघणाऱ्या तारेवर, वीतभर अंतरात, फ्यूज आहे का? नसेल तर हा लेख वाचून बाजूला ठेवण्याआधी एक फ्यूज आणा.

बी. ए. द्वितीय वर्ष